सोळा घरांचा ठेका

माझ्या भावाची जागा मी घेतली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की ती यंत्राने घेतली. यंत्र आलं हे खरं. पण ते स्वतःच्या पायांनी चालत स्टेजवर गेलं नव्हतं. त्याच्यासमोर मी बसले, आणि ज्या खुर्चीवर बसले ती तोवर दादाची होती.

आम्ही कोष्टी. तांडापेठेत आमच्या दोन खोल्या, त्यातली मोठी मागाची. खड्ड्यात पाय सोडून बसायचा हातमाग. बाबा नऊवारी लुगडी विणत, आणि आमच्या लुगड्यांचा काठ आजोबांपासून चालत आलेला होता. त्या काठाची नक्षी जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर असे. पत्ते एकामागे एक दोऱ्याने शिवलेले, शेवटचा पुन्हा पहिल्याला जोडलेला, म्हणजे नक्षी फिरून फिरून येत राही. पत्त्यात जिथे भोक तिथला दोरा मागावर वर उचलला जाई, जिथे भोक नाही तिथला खाली राही. चौकटीच्या कागदावर नक्षी उतरवायची आणि कागद बघून भोकं पाडायची, हे काम मी शाळेत होते तेव्हापासून माझ्याकडे. तुझा हात माझ्यापेक्षा बरा आहे असं बाबा म्हणत, आणि ते कुणाला उगीच बरं म्हणणारे नव्हते.

यात एक मेख होती. आमचं लुगडं मागावर उलटं विणलं जाई, सुलट बाजू खाली जमिनीकडे. त्यामुळे जिथे फूल दिसायला हवं तिथे भोक पाडायचं नाही, जिथे फूल नाही तिथे पाडायचं. नवा माणूस इथे हमखास चुकायचा. मी चुकत नसे, कारण मला नक्षीतली रिकामी जागाच आधी दिसायची. अजूनही तसंच आहे. लग्नाचा फोटो हातात दिला की कोण आहे त्याच्या आधी कोण नाही ते दिसतं.

मग गल्लोगल्ली पॉवरलूम आले. एका कारखानदाराने बाबांकडे आमच्या काठाचे पत्ते मागितले. पत्ते द्या आणि कारखान्यात या, देखरेखीला ठेवतो, म्हणाला. बाबांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. वर्षभरात त्याच कारखान्यातून आमचाच काठ निघाला. कुणीतरी बाजारातून आमचं एक लुगडं घेतलं होतं आणि दोरा दोरा उसवून पाहिलं होतं, एवढंच. काठ गेला आणि कारखान्यातली जागाही गेली. त्यानंतर बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसते बसत. मला त्यांची दया येत नव्हती, संताप येत होता. मूठ झाकून उपाशी मरायचं यात कसला आलाय मोठेपणा, असं मी आईला म्हणायचे, बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. हा संताप पुढे कामाला आला.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तो मागावर कधी बसलाच नाही. भजनी मंडळात ढोलक वाजवता वाजवता तो ऑर्केस्ट्रात गेला. आमच्याकडे तेव्हा पेव फुटलं होतं ऑर्केस्ट्रांचं. गणपतीत, लग्नात, स्वागत समारंभात सिनेमाची गाणी हुबेहूब म्हणून दाखवायची. दादाच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. ते स्वतः ऑर्गन वाजवत आणि महालातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी तालीम घेत. मास्तर वाईट माणूस नव्हते. असते तर मला सोपं गेलं असतं.

कहरवा हा ताल गावात सगळेच वाजवायचे. दादाचा कहरवा वेगळा ओळखू येई तो एका ठोक्यामुळे. उजव्या हाताचा तो एक ठोका किंचित उशिरा पडायचा. चुकून नाही, ठरवूनही नाही, तसाच पडायचा तो. ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या बाई एकदा मला म्हणाल्या होत्या, ‘तुझ्या भावाच्या त्या ठोक्यात मी श्वास घेते. दुसरा कुणी वाजवायला बसला की मला कडव्याच्या शेवटी धाप लागते.’ मी घरी येऊन हे सांगितलं तर दादा लाजला आणि पाणी आणायला निघून गेला.

आणि मग गाणीच बदलली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. इतवारीत कॅसेटच्या दुकानासमोरून जाताना एक टाळी ऐकू यायची, कोरडी, एकसारखी, जणू कुणीतरी भिंतीपलीकडून न कंटाळता वाजवत बसलंय. खाली पोटात जाणारा एक धप्पकन आवाज. वरून टणटण घंटी, गुरांच्या गळ्यातल्यासारखी. एका गाण्यात आली, मग पाच गाण्यांत, मग जे नवीन गाणं येईल त्यात. परदेशात कुणी बनवलेल्या एका डब्याने हे सगळं होतं, हे आम्हाला कुठे माहीत? लोक ऑर्केस्ट्राला येऊन उभे राहत आणि तोंड वाकडं करत. ‘कॅसेटवाणी नाही वाजून राहिलं,’ म्हणत. ज्या ढोलकासाठी आदल्या वर्षी शिट्ट्या पडल्या होत्या, तोच ढोलक त्यांना आता जुना वाटायला लागला. ढोलक, तबला, ड्रम, अशी तीन जिवंत माणसं घाम गाळत वाजवत आहेत आणि समोरच्याला डब्याची टाळी हवी आहे. मला त्या लोकांचाही संताप यायचा. पण खरं सांगायचं तर ती टाळी मलाही आवडत होती. घरात फाटकं शिवताना माझी सुई तिच्यावर पडायची.

मास्तरांनी मुंबईच्या कुणा वादकाकडून ते यंत्र जुनं विकत आणलं. रविवारी दादाचा जेवणाचा डबा घेऊन मी हॉलवर गेले तर सगळे एका टेबलाभोवती घोळका करून उभे होते आणि कुणालाच काही कळत नव्हतं. काळपट खोकं. वर गोल खुंट्यांची दाटी, आणि सगळ्यांत खाली एका ओळीत सोळा बटणं. चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. बटण दाबलं की वरचा बारीक दिवा लागे. एक उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जाई, आणि संपला की पुन्हा पहिल्यापासून.

‘हे तं पत्ते आहेत,’ मी म्हणाले.

‘कायचे पत्ते?’ मास्तर म्हणाले.

मी पुढे होऊन त्यांना दाखवलं. सोळा घरं. दिवा लागला त्या घरात आवाज, नाही लागला तिथे नाही. शेवटचं घर पहिल्याला शिवलेलं. दहा मिनिटांत मी त्यात एक टाळी बसवली. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. दादा डबा उघडून जेवायला बसला होता, पण तो जेवत नव्हता.

जेवण झाल्यावर मास्तरांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, आणि नीट शब्दांत सांगितलं. ‘हे पाहा गा, लोकायले मशीनचा ठेका पाहिजे. पण मशीनमंदी ठेका तुह्याच राहीन. तुह्ये सारे ठेके याच्यात भर. चालवायलेही तूच बसजो. तुह्यी जागा तुह्यीच आहे.’

रात्रीची भाकरी खाताना मी विषय काढला. खड्ड्यातून बाबा म्हणाले, ‘देजो नको.’ एवढंच म्हणाले.

मी जे बोलले ते मला आजही पाठ आहे. ‘तुमी नाही देल्लं, मग का झालं? आता पाय सोडून बसून राहता. ठेका कोणी ऐकूनही चोरते. चोरायच्या आंधी स्वतःच्या हातानं द्यावं, म्हणजे जागा तरी राहाते.’ दादा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘बरोबर बोलून राहिली वं तू.’ तो नेहमीच मला हुशार समजायचा. ते त्याचं चुकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मागाच्या खोलीत बसलो. मी कॅलेंडरच्या पाठीवर फूटपट्टीने घरं आखली, एका ओळीत सोळा. आमच्या नक्षीच्या कागदावरची घरं बारीक असतात. स्टेजवर उभ्या उभ्या वाचता यावीत म्हणून ही मी अंगठ्याएवढी मोठी केली. वरची ओळ उजव्या हाताची, खालची डाव्या हाताची.

‘हळू वाजव,’ मी म्हणाले. ‘आणखी हळू.’

‘याच्याहून हळू वाजवलं तं मलेच झोप लागीन.’

मी बोटाने जमिनीवर सोळा मोजत होते. दहापर्यंत सगळं घराघरात बसलं. अकरा म्हटलं, ठोका नाही. बारा म्हणायला तोंड उघडलं, तोवर ठोका पडून गेलेला. पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा तेच. पाच-सहा वेळा केलं, दर वेळी तो ठोका अकरा आणि बारा यांच्या मधे.

‘हा कुठं हाय?’ मी विचारलं. ‘अकरावर का बारावर?’

‘मले का माहीत? तिथंच हाय तो.’

‘तिथं घर नाही, दादा. रेघ हाय.’

‘मंग रेघेवर लिह.’

‘रेघेवर कोणी भोक पाडते काय? मशीनले तिथलं बटणच नाही. अकरावर टाकते.’

‘अकरावर तं सारं गाव वाजवते,’ दादा म्हणाला.

‘थोडासाच फरक हाय.’

त्याने ढोलकावरचा उजवा हात उचलून पाहिला, पालथा केला, पुन्हा सरळ केला. ‘थोडासाच हाय,’ म्हणाला. ‘टाक.’

मी टाकला. ऐन फूल जरासं सरकवून घरात बसवायचं, हे मी काठावर शंभरदा केलं होतं. दोऱ्याला ते कळत नाही. दादाला कळत होतं, आणि मला कळत होतं की त्याला कळतंय. तरी मला घाई होती. मला त्याची जागा वाचवायची होती.

पुढच्या रविवारी मी कागद बघून ठेका यंत्रात भरला. मास्तरांनी बटण दाबलं आणि हॉलमधून जे काही निघालं त्याला काय म्हणावं? लंगडं, अडखळतं, जिथे पाय टाकायचा तिथे खड्डा आणि जिथे टाकायचा नाही तिथे दगड. सगळे पोट धरून हसले. ‘काय वं पोट्टे,’ मास्तर म्हणाले, ‘वरातीचा घोडा लंगडून राहिला काय?’

मी कागद पुन्हा पाहिला. मग कळलं. हाताच्या सवयीने मी जसे पत्ते लिहिते तसंच, उलटं, लिहिलं होतं. दादाचा ठोका जिथे पडतो ती घरं मी कोरी सोडली होती, आणि जिथे पडत नाही तिथे फुल्या मारल्या होत्या. यंत्र इमानदारीने फुल्या वाजवत होतं. दादा जिथे गप्प असतो तेवढंच ते बोलत होतं.

दादा हसला नव्हता. तो मान तिरपी करून ऐकत होता. मग त्याने ढोलक मांडीवर ओढला आणि त्या लंगड्या ठेक्याबरोबर आपला कहरवा सुरू केला. हसणारे जवळ सरकले. यंत्र गप्प असेल तिथे दादा, दादा गप्प असेल तिथे यंत्र. एकाचा ठोका दुसऱ्याच्या अंगावर पडला नाही. फक्त तो एक अकरा आणि बारा यांच्या मधला, यंत्राच्या कोऱ्या घरातून बाहेर सरकून, नेमका रेघेवर पडत होता. गाणाऱ्या बाईंनी डोळे मिटले. मी आयुष्यात पुष्कळ वाजवणं ऐकलं, तसं पुन्हा ऐकलं नाही.

दादा थांबला तेव्हा मास्तरांनी यंत्र बंद केलं. मग म्हणाले, ‘सुंदर हाय. पण तुले घेऊनच वाजवाचं असतं, तं मशीन काहून आणली असती गा?’

त्यांनी हे दुष्टपणे म्हटलं नाही. मी नवा कागद आखला, कोऱ्या घरांत फुल्या आणि फुल्यांच्या घरांत कोरं. जुना चुरगळून टाकला तो दादाने उचलला, मांडीवर सरळ केला आणि घडी करून ढोलकाच्या दोऱ्यांत खोचला. पुढच्या दोन महिन्यांत त्याचे सगळे ठेके मी यंत्रात घातले. जिथे जिथे त्याचा हात रेघेवर पडला, तिथे तिथे मी त्याला शेजारच्या घरात ढकललं. त्यानेही मग वाद घालणं सोडलं.

यंत्र चालवायला मास्तरांनी शब्दाप्रमाणे दादालाच बसवलं. पण त्याला ते जमेना. बटणं त्याला समजत होती, तो काही अडाणी नव्हता. अडचण अशी होती की तो थांबायचा. गाणारा दमला दिसला की थांबायचा, बाईंनी सूर लांबवला की थांबायचा, जन्मभर तेच तर करत आला होता. एका ठेक्यातून दुसऱ्या ठेक्यात जायचं तर उजेड शेवटच्या बटणावर पोचायच्या आत दाबावं लागे, आणि दादा त्या वेळी बटणांकडे न बघता बाईंच्या तोंडाकडे बघत असे. जरीपटक्यातल्या एका लग्नात त्याने असंच कडव्याच्या शेवटी बाईंना श्वास घेऊ दिला आणि मग बटण दाबलं. यंत्र एकीकडे, ऑर्गन दुसरीकडे, बाई मधेच. सगळा तमाशा झाला. पुढच्या खुर्च्यांवरचे लोक हसले, मागून कुणीतरी ओरडलं, ‘अरे, कॅसेटच लावा नं!’

रविवारी मास्तर आमच्या घरी आले. ते पहिल्यांदाच आले होते. चहा घेतला, मागाकडे पाहिलं, आणि दादाकडे न बघता म्हणाले, ‘तुह्या बहिणीले बसवू काय?’

मी नाही म्हणू शकले असते. घर चालत नव्हतं हे खरं, आईचं दुखणं होतं हे खरं, पण त्या क्षणी माझ्या मनात यातलं काहीच नव्हतं. मला ते यंत्र हवं होतं. पत्ते पाडणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती आणि माझे हात रिकामे होते. मी दादाकडे पाहिलं, म्हणजे असं पाहिलं की त्याला नाही म्हणता येऊ नये.

‘बसवा,’ तो म्हणाला. ‘तिलेच येते ते.’

खड्ड्यात बसलेले बाबा हसले. किती दिवसांनी हसले होते. ‘म्या नाही देल्लं,’ म्हणाले, ‘यानं देल्लं. आता दोघंही बसू.’

मी स्टेजवर एकदाही चुकले नाही. हे सांगायला मला आजही आवडतं, आणि सांगून झालं की लाज वाटते. साडी नेसलेली बाई मशीन चालवते हे बघायलाही लोक यायचे. आमचं बघून दुसऱ्या ऑर्केस्ट्रांनी तसली खोकी आणली, काहींनी त्याहून स्वस्त. आधी ढोलकवाले गेले, मग तबलेवाले, मग ज्यांना आपण कधी जाऊ असं वाटलं नव्हतं ते ड्रमवाले. एक इस्त्रीच्या दुकानात लागला, एकाने सायकलरिक्षा घेतली. रस्त्यात भेटले तर ओळख द्यायचे नाहीत. गाणाऱ्या बाईंनी एक दिवस मला बाजूला घेऊन विचारलं, ‘त्या ठोक्याला थोडं मागे नाही का गं करता येत?’ मी नाही म्हटलं. पुढे त्यांनी गाणी खालच्या पट्टीत घ्यायला सुरुवात केली.

दादा वाडीला गेला. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली, आणि तिथेच मागे एक भाड्याची खोली. ढोलक घेऊन गेला. सणावाराला घरी यायचा, आईजवळ बसायचा, माझ्याशी नीट बोलायचा. कार्यक्रम कसे चाललेत ते विचारायचा. त्याने एकदा तरी मला शिवी द्यायला हवी होती. तसं झालं असतं तर मीही उलट बोलले असते आणि काहीतरी मोकळं झालं असतं. पण तो विचारायचा, ‘मशीन चांगली हाय नं?’

मग एक उन्हाळा आला. मे महिन्यात कार्यक्रम नव्हते. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी एक रीत असे, रेडिओतले आणि टॉर्चमधले सेल काढून ठेवायचे, नाहीतर गर्मीने ते पाघळतात आणि आतलं सगळं खराब करतात. यंत्राच्या मागे एक झाकण होतं आणि त्यात तसेच सेल होते. वायर भिंतीत खोचल्यावर यंत्र चालतं, तेव्हा सेल कशाला हा प्रश्न मला पडला नाही. मी काळजीने ते काढले, पुसून कागदात गुंडाळले, यंत्र चादरीत बांधून ठेवलं.

जूनमध्ये उघडलं तर सगळी घरं कोरी. एकही दिवा लागेना. ते सेल आठवणीसाठी होते. दादाचा एकूण एक ठेका, दोन महिने बसून घातलेला, गेला. कागद मास्तरांकडे होते. ते शरमून म्हणाले, मशीनमंदी भरले होते नं, मंग रद्दीत देल्ले. आठ दिवसांवर एक लग्न होतं.

मी वाडीला गेले. दुपारची वेळ, ट्रकांची रांग लागलेली. दादा तेलाची पिंपं उतरवून नुकताच बसला होता. मला बघून त्याला आनंद झाला, त्याने हात पुसून खोलीचं कुलूप काढलं, माठातलं पाणी दिलं. मी काय झालं ते सांगितलं. ‘एकदा वाजव,’ म्हटलं. ‘हळू वाजव. मी लिहून घेते.’

तो ढोलक घेऊन बसला. ढोलक पुसलेला होता, दोऱ्या ताणलेल्या होत्या. त्याने हात ठेवला आणि मला दिसलं. पोती ओढायचा आकडा दिवसभर धरून उजव्या हाताची बोटं आत वळली होती. ती उघडत नव्हती. तळवा चपलेच्या तळासारखा झालेला. त्याने थाप मारली तर पाटावर लाटणं पडावं तसा आवाज आला. दुसऱ्यांदा मारली. मग ढोलक बाजूला सरकवला.

‘हात नाही उघडत वं आता,’ म्हणाला. ‘थांब. तुह्यं काम होते.’

पत्र्याच्या पेटीतून त्याने एक कागद काढला. कॅलेंडरची पाठ. माझा पहिला कागद, उलटा लिहिलेला, फुल्यांच्या जागी कोरं आणि कोऱ्याच्या जागी फुल्या.

‘बाकीचे ठेके गेले तं गेले,’ दादा म्हणाला. ‘हा मेन हाय. उलटा करून घे.’

मी कागद उजेडात धरला. फुल्या पुसट झाल्या होत्या, पण स्वच्छ होत्या. कोरी घरं मात्र काळी पडली होती. वंगणाचे, तेलाचे डाग, बोटाच्या टोकाएवढे, एकावर एक बसून कागद तिथे पातळ झालेला. न उघडणाऱ्या हाताच्या एका बोटाने तो रोज या कागदावर वाजवत होता. माझ्या फुल्या मनात म्हणायचा आणि कोऱ्या घरांत स्वतः पडायचा. मी वरची ओळ बघत गेले. पहिलं घर, तिसरं, चौथं, डाग नेमके घराच्या मधोमध. अकरावं घर मी कोरं ठेवलं होतं, त्याचा ठोका मी तिथे ढकलला होता. ते घर अजूनही कोरंच होतं, पांढरं स्वच्छ. डाग पुढे होता, अकरा आणि बारा यांच्या मधल्या रेघेवर. रेघ पुसून गेली होती, कागदाला भोक पडलं होतं.

मी दादाकडे पाहिलं. तो ट्रकांकडे बघत होता. ‘जा आता,’ म्हणाला, ‘बस चुकीन.’

रविवारी हॉलमध्ये मी तो कागद यंत्रापुढे उभा केला आणि एकेक बटण दाबत गेले. दहापर्यंत काही अडलं नाही. मग माझं बोट थांबलं. एक पिवळं बटण, त्याच्या शेजारी दुसरं पिवळं, आणि दोघांच्या मधे नुसता पत्रा. तिथे मी बोट ठेवलं आणि दाबलं. काही झालं नाही. मागून मास्तरांनी विचारलं, ‘झालं काय वं?’

‘झालं,’ मी म्हणाले आणि अकरावं बटण दाबलं.